हाडाच्या सिरॅमिकला हवा हक्काचा ग्राहक

बेंगळुरूतील भारतीय विज्ञान संस्थेच्या परिसरालगत म्हैसूर संस्थानाने १९३० च्या दशकात चिनी मातीचा कारखाना उभारला. शिवनसमुद्रची जलविद्युत १९०२ पासून वाहू लागली होती. तिच्या तारांना विद्युतरोधक हवे होते. कारखान्याला संस्थानाच्याच वीजव्यवस्थेचा हक्काचा ग्राहक लाभला. इतिहासाचा विद्यार्थी आणि निवृत्त प्रशासक या दोन्ही नात्यांनी मला हा तपशील आज मोलाचा वाटतो.

कारण त्याच विज्ञान संस्थेत आता हाडांच्या रोपणासाठी लागणाऱ्या सिरॅमिकवर संशोधन होते. अपघातात हाडाचा तुकडा गमावलेल्या रुग्णाच्या कमरेचे हाड काढून तेथे बसवणे हा रूढ उपाय. त्यात दुसरी जखम होते आणि हाडही मर्यादितच मिळते. कॅल्शियम फॉस्फेटचे सच्छिद्र सिरॅमिक हा त्याला पर्याय आहे. छिद्रे परस्परांशी जोडलेली आणि साधारण १०० मायक्रॉनहून मोठी असली, तर रक्तवाहिन्या व नवे हाड आत वाढते. मात्र छिद्रे वाढली की ताकद घटते. हा तोल साधणे शास्त्रज्ञांचे काम.

पुढचे काम शासनाचे. प्रत्येक वेळी एकसारखे उत्पादन, सुरक्षाचाचण्या, रुग्णांवरील चाचण्या, मंजुरी हा मार्ग लांब आणि खर्चिक आहे. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनी तो आखून दिला. २०२३ च्या राष्ट्रीय धोरणाने आयातीवरील अवलंबित्व घटवण्याचे उद्दिष्ट ठेवले. परंतु विक्रीची शाश्वती नसेल, तर कोणता उद्योजक या वाटेवर भांडवल गुंतवील? तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेची हृदयझडप १९९० मध्ये प्रथम रुग्णाला बसवली गेली. संशोधक व शल्यविशारद एकाच संस्थेत होते आणि उत्पादनाला उद्योगाची साथ मिळाली, म्हणून ती रुग्णांपर्यंत पोहोचली.

माझी सूचना दुहेरी आहे. मंजुरी मिळालेले देशी रोपण ठरलेल्या दराने काही वर्षे विकत घेण्याची हमी सरकारी रुग्णालयांनी द्यावी. त्याचबरोबर प्रत्येक रोपणाची राष्ट्रीय नोंदवही सक्तीची करावी. २०१० मध्ये एका परदेशी कंपनीने सदोष कृत्रिम खुबे जगभरातून परत मागवले, तेव्हा भारतातील कित्येक रुग्णांचा माग लागला नाही. नोंदीविना दिलेली खरेदीची हमी निकृष्ट मालालाही आश्रय देईल; आणि हमीविना जिल्हा रुग्णालयातला रुग्ण आयात मालाच्या किमतीकडे पाहतच राहील.