आकडेमोड : नऊ एकांचा डोंगर

गणिती द. रा. कापरेकरांचं नाव निघालं की ६१७४ आलाच. चार अंक घ्या, चारही सारखे नकोत. उतरत्या क्रमातून चढता क्रम वजा करत राहा, फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ वर येऊन थांबता. बोईसरजवळच्या सरावलीच्या पोरांनाही हे पाठ असतं. असायलाच हवं, बोईसरहून वाणगाव सोडलं की डहाणू, आणि कापरेकर तिथलेच. जन्म १७ जानेवारी १९०५. पण हे असं का होतं, ते ६१७४ काही सांगत नाही. वर्गात दाखवायचीच तर मी त्यांची दुसरी संख्या दाखवेन : १२३४५६७८९८७६५४३२१.

सतरा अंकी आहे, म्हणून घाबरायचं कारण नाही. १११११११११ ला त्यानेच गुणा. एकाखाली एक नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. आता उजवीकडून उभे रकाने मोजा. पहिल्यात एक एकं, दुसऱ्यात दोन, असं चढत मधल्या रकान्यात नऊ, मग उतरण. हातचा कुठेच येत नाही, म्हणून डोंगर शाबूत. दहा एकं घेतली की मधे हातचा येतो आणि शिखर ढासळतं : १२३४५६७९००९८७६५४३२१. पाचवीच्या पोराला कारण स्वतःच्या वहीत दिसतं, आणखी काय हवं?

या घराण्याला कापरेकरांनी डेम्लो संख्या म्हटलं. डेम्लो म्हणजे जुन्या जीआयपी रेल्वेवरचं आजचं डोंबिवली. कल्पना तिथे सुचली. (स्टेशनात गाडीची वाट पाहण्याचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही.)

हर्षद संख्याही त्यांचीच : अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो ती. आपल्या डोंगराची बेरीज ८१. भाग जातो, आणि उत्तर येतं १२३४५६७९ चा वर्ग. हो, त्यात ८ नाही.

१९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या या मास्तरांचं काम अनेक गणितज्ञांनी पोरखेळ ठरवलं. दहाच्या जागी दुसरा पाया घेतला की गंमत संपते, असा एक आक्षेप. संपत नाही. आठचा पाया घ्या, सात एकांचा वर्ग करा : १२३४५६७६५४३२१. डोंगर बुटका झाला, एवढंच. गणितावर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं. मास्तर तेव्हा सत्तरीत होते.

सरावलीच्या मास्तरांनी फळ्यावर आधी आपलाच पिनकोड लिहावा : ४०१५०१. अवयव दोनच, ३११ आणि १२९१, दोन्ही मूळ संख्या. अंकांची बेरीज ११, भागाकारात बाकी उरते १. मागचा ४०१५०० मात्र हर्षद.