ओटा कशाने बाटतो?



मागच्या रविवारी आमच्या मुलुंडच्या घरी मुलाच्या ऑफिसातली एक मुलगी दुपारी जेवायला आली होती. ती नायजेरियातल्या लागोसची. तिच्यासाठी मी त्यांच्याकडचा जोलोफ भात केला. मंगळवारी स्वाध्यायाला गेले तर बातमी माझ्याआधी पोहोचलेली! "त्या लोकांचं अन्न तुम्ही आपल्या ओट्यावर शिजवलंत?" एकीने विचारलं. बाकीच्या हसल्या. तेव्हा मी गप्प बसले, म्हणून आज लिहिते आहे.

आधी हिशेब मांडते, बी.कॉम.ची सवय. चार टोमॅटो, दोन लाल ढबू मिरच्या आणि दोन तिखट लाल मिरच्या वाटून तेल सुटेपर्यंत परतल्या. थाइम, तमालपत्र, करी पावडर. त्यात दोन वाट्या सेला तांदूळ, बेताचं पाणी, घट्ट झाकण, मंद आच. तिकडे कांदा, लसूण, आलं आणि मांसाचं पाणी घालतात. मी हिंग आणि चिमूटभर सुंठ घातली. करी पावडर घेताना डब्यावरचं बारीक अक्षर वाचलं, कारण पुष्कळ पावडरींत लसूण असतो. तळाला भात किंचित लागू दिला. तिकडे समारंभात लाकडाच्या चुलीवर शिजलेल्या जोलोफचा धुरकट वास लोकांना फार आवडतो. आता यात अभक्ष्य काय, ते मला दाखवा.

परदेशी म्हणून नको? टोमॅटो आणि मिरची मुळात अमेरिका खंडातली. आपल्यातल्या किती घरांत साबुदाणा चालतो? तो कसावाच्या कंदाचा, आणि तोच कसावा नायजेरियात घरोघरी खातात. लग्नात 'जैन' पाटी लावलेला पिझ्झा आणि मांचुरियन कोणी परत करत नाही. म्हणजे अडचण परदेशाची नाही. अडचण माणसाच्या रंगाची आहे.

ज्या भाताला आपण हसलो, त्याचं नाव सेनेगलमधल्या वोलोफ लोकांच्या जोलोफ राज्यावरून आलं. त्याचा मूळ मानला जाणारा सेनेगलचा मासे-भात 2021 साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेला. कुणाचा जोलोफ चांगला यावर नायजेरिया आणि घाना भांडतात, जसं आपण पुरणात गूळ की साखर यावर भांडतो.

एक आक्षेप मात्र मी मानते. कांदा सोडायचा आणि कांद्याच्या पदार्थांची नक्कल करायची, ही जिभेची हौसच आहे. रसपरित्याग हे तप आहे. पण मग तोच नियम जैन पावभाजीलाही लावा, एकट्या जोलोफला नको.

आपण कंदमुळं टाळतो ती जीवांसाठी. तो नियम पदार्थाचं गाव विचारत नाही. क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय आपण लहानपणापासून पाठ म्हणतो. घरी आलेल्या पाहुणीच्या अन्नाला नाक मुरडणं हा मान कषाय नाही तर काय? त्याला हिंग-सुंठीचा पर्याय नाही.

त्या मुलीने पहिला घास खाल्ला आणि हसून म्हणाली, "आंटी, हा जोलोफ नाही. पण अजून वाढा."

येत्या रविवारी ती पुन्हा येते आहे. जिने मला विचारलं, तिलाही मी जेवायला बोलावलं आहे. सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी, एक वाजता.