महामार्गाच्या तोंडाशी मोडलेला पाय

सेवारस्ता जेथे महामार्गाला मिळतो, तेथील दृश्य आता आपल्या अंगवळणी पडले आहे. पुणे-बंगळूर महामार्ग घ्या की नाशिकमधून जाणारा मुंबई-आग्रा महामार्ग. दुभाजकातील एखाद्या फटीतून दुचाकीस्वार मान वळवून मागे पाहतो, अंदाज घेतो आणि वेगाने येणाऱ्या मालमोटारींच्या ओघात स्वतःस लोटून देतो. बहुतेक वेळा अंदाज बरोबर येतो. ज्या दिवशी तो चुकतो, त्या दिवसापासून एका कुटुंबाचे अर्थकारण बदलते. अपघाती मृत्यूंची संख्या दरवर्षी जाहीर होते, तिच्याविषयी चार दिवस हळहळही व्यक्त होते; परंतु जो जगतो, आणि जगूनही पूर्वीसारखे काम करू शकत नाही, त्याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

असे समजू या की, महिना १५,००० रुपये मिळविणारा ३८ वर्षांचा एक गवंडी अशा ठिकाणी मालमोटारीच्या धडकेत सापडला आणि त्याचा उजवा गुडघा कायमचा ताठ झाला. त्याचे वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपये. चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी माणसाच्या उत्पन्नात भावी वाढीपोटी ४० टक्के मिळवावेत, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या प्रणय सेठी प्रकरणात मृतांच्या वारसांसाठी घालून दिला आणि २०२० मध्ये तो जखमींनाही लागू केला. म्हणजे रक्कम झाली २,५२,०००. सरला वर्मा प्रकरणातील २००९ च्या कोष्टकाप्रमाणे ३६ ते ४० या वयोगटाचा गुणक १५. तेव्हा गुणाकार ३७,८०,०००. हा गुणक काही आकाशातून पडलेला नाही. वयाच्या ६५ व्या वर्षापर्यंतच्या २७ वर्षांची मिळकत सुमारे ५ टक्के व्याजदराने आजच्या मूल्यात आणली, तर उत्तर पंधराच्या आसपासच येते. न्यायालयाने येथे अर्थशास्त्राचा हात धरला आहे, याचे प्रस्तुत लेखकास अर्थातच समाधान आहे.

खरा प्रश्न पुढेच आहे. यांतील किती टक्के मिळकत बुडाली? डॉक्टरांच्या दाखल्यावर अपंगत्व ३० टक्के लिहिलेले असते, आणि तोच आकडा डोळे मिटून घेतला तर भरपाई ११,३४,००० वर थांबते. पण ताठ गुडघ्याचा गवंडी परांचीवर चढणार कसा? कचेरीतील कारकुनाचा गुडघा आणि गवंड्याचा गुडघा वैद्यकशास्त्राला सारखे असतील, बाजाराला नाहीत. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमका हाच भेद केला : शरीराचे अपंगत्व निराळे आणि कमाईच्या शक्तीचा ऱ्हास निराळा. हा ऱ्हास ७० टक्के धरला, तर रक्कम २६,४६,००० होते. एका टक्केवारीच्या वाचनावर १५,१२,००० रुपये अवलंबून आहेत! शिवाय औषधोपचाराचा खर्च, यातना आणि बुडालेली मजुरी यांचे हिशेब वेगळेच. असे असूनही उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष घेण्याऐवजी नुसता दाखला जोडून मोकळे होणारे दावे थोडे नसतात.

यानंतर येतो तो अंशदायी निष्काळजीपणाचा मुद्दा. मुख्य रस्त्यावर येणाऱ्याने त्यावरील वाहनांना आधी वाट द्यावी, असे १९८९ च्या रस्तेविषयक नियमांनी सांगितले होते, आणि ते योग्यच होते. परंतु त्यावरून ‘आत शिरणारा तो दोषी’ असे समीकरण पंचनाम्यातच मांडले जाते. मालमोटारीच्या चाकांचे ओरखडे किती मीटर होते, मिळणीच्या जागी वेग वाढविण्यास किती लांबीची मार्गिका ठेवली होती, झुडपाने वा फलकाने दृष्टी अडत होती काय, यांची नोंद नसते. जखमीचा दोष निम्मा ठरला की २६,४६,००० चे १३,२३,००० होतात. ज्याने मिळणीची जागा आखली, तो या वाटणीत सहसा कोठेच नसतो. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८-अ अन्वये सदोष रस्त्याबद्दल १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो खरा. पण तो जातो निधीत, जखमीच्या हाती नव्हे.

त्याच दुरुस्तीने आणखी दोन गोष्टी केल्या. दोष सिद्ध न करता गंभीर इजेसाठी अडीच लाख रुपये देण्याची तरतूद झाली, ही स्वागतार्ह; मात्र ती रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणापुढील दावा संपुष्टात येतो. आणि दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत, जी संसदेने १९९४ मध्ये विचारपूर्वक काढून टाकली होती, ती १ एप्रिल २०२२ पासून परत आली. सहा महिन्यांत हाड धड जुळलेही नसते. कायम अपंगत्व किती, हे डॉक्टर तरी कसे सांगणार? सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये अंतरिम आदेश देऊन या कारणावरून अर्ज फेटाळण्यास अटकाव केला. संसदेने मात्र ही मुदत स्वतःच पुन्हा रद्द करावयास हवी. जखमीला आपल्या राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, हीसुद्धा अनेकांना ठाऊक नसलेली सोय आहे.

राहता राहिला विलंब. विमा कंपनीला विलंबाची किंमत न्यायाधिकरण ठरवील त्या व्याजाएवढी, तीही साधारणतः अर्जाच्या तारखेपासून. गवंड्याने शस्त्रक्रियेसाठी काढलेल्या कर्जाचे व्याज मात्र दरमहा शेकडा तीन, आणि ते अपघाताच्या रात्रीपासून. म्हणून लोकअदालतीत सहा-सात लाखांचा प्रस्ताव समोर आला की तो सही करतो. कागदावर त्यास राजीखुशीची तडजोड म्हणतात. त्यांतील बरीचशी रक्कम सावकाराकडे त्याच आठवड्यात पोहोचलेली असते.