पडद्यावरचा खांब कोठे टेकतो?

आमच्या विद्यालयाच्या गेल्या वर्षीच्या हस्तकला-प्रदर्शनात दहावीच्या एका विद्यार्थ्याने एक अपूर्व वस्तू मांडली होती. अपूर्व अशासाठी की, ती हाताने उचलता येत नव्हती. संगणकाच्या पडद्यावर त्याने एक लाकडी रोलर कोस्टर उभारला होता. रुळांवरून गाडी चढे, उतरे, वळे. आणि त्या रुळांखाली उभ्या खांबांचे व आडव्या-तिरप्या पट्ट्यांचे एक दाट अरण्य दिसे. परीक्षक या नात्याने आम्ही तेथे दोन मिनिटे थांबलो, कौतुकाने मान डोलाविली, आणि नोंदवहीत त्याच्या नावापुढे ‘खेळ; हस्तकलेत गणना नाही’ असा शेरा लिहून पुढे गेलो. तो शेरा चुकीचा होता, असे आज आमचे मत झाले आहे. ज्या वहीत तो लिहिला, ती वही कपाटात बंद आहे. परंतु शेरा मात्र मुलाच्या मनात राहिला. म्हणून ही दुरुस्ती सर्वांच्या डोळ्यांपुढे, वार्षिकांकातच करणे आम्हांस योग्य वाटते.

आमच्या बहुतेक वाचकांनी लाकडी रोलर कोस्टर चित्रातच पाहिला असेल. तेव्हा त्याची थोडी ओळख करून देणे प्राप्त आहे. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड येथे १८८४ साली लामार्कस थॉम्प्सन यांनी लाकडी चढउतारांवरून धावणारी गाडी लोकांसाठी सुरू केली, आणि तेथून या करमणुकीचा प्रसार झाला. पेनसिल्व्हेनिया राज्यातील अल्टूना येथे १९०२ साली बांधलेला ‘लीप-द-डिप्स’ अवघा ४१ फूट उंच आहे. तो १९८५ साली बंद पडला होता. पुढे दुरुस्त होऊन १९९९ साली पुन्हा चालू झाला. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या ल्यूना पार्कमधील ‘सीनिक रेल्वे’ १९१२ सालची. तिच्या गाडीत आवर घालणारा माणूस प्रवाशांसमवेत उभा राहतो. कोनी आयलंडचा प्रसिद्ध ‘सायक्लोन’ १९२७ साली उभा राहिला. त्याची उंची ८५ फूट.

या सर्वांकडे दुरून पाहिले असता प्रथम गाडी दिसत नाही, रूळही दिसत नाही; दिसते ती खालची लाकडी जाळी. एवढे लाकूड कशासाठी, असा प्रश्न कोणासही पडेल. गाडीचे वजन पेलण्यास चार सरळ खांब पुरेसे नाहीत काय? नाहीत, आणि याचे कारण नववी-दहावीच्या पुस्तकातल्या गणितात आहे. २० मीटर उंचीवरून सुटलेली गाडी, घर्षण सोडून दिले तर, तळाशी सेकंदास सुमारे २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर वेगाने येते. त्याच वेगाने ती २० मीटर त्रिज्येच्या वळणावर शिरली, तर वेगाच्या वर्गास त्रिज्येने भागून त्वरण येते २०. म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ दुप्पट. गाडी ५ टनांची असेल, तर ती त्या क्षणी खालच्या चौकटीस १० टन वजनाच्या जोराने आडवी, बाहेरच्या अंगास ढकलीत असते. रूळ कितीही कलता केला, तरी हा आडवा जोर अखेर खांबांनाच जमिनीपर्यंत पोहोचवावा लागतो. शिवाय चढावर आणि आवर घालताना रुळाच्या दिशेने बसणारा ताण वेगळा, आणि वाऱ्याचा रेटा वेगळा.

विद्यार्थ्यांनी घरी एक प्रयोग करून पाहावा. चार काड्या घेऊन प्रत्येक कोपऱ्यात एकच टाचणी टोचून चौकोन करावा. बोटाने दाबताच तो कलंडून चपटा होतो. त्यात एक कर्णाची काडी टोचावी. तोच चौकोन ताठ उभा राहतो. चौकोनाला आकार टिकविता येत नाही, त्रिकोणाला येतो. आपल्या कौलारू घराच्या छपरातील कैची याच नियमाने उभी असते. रोलर कोस्टरच्या खालची जाळी म्हणजे याच त्रिकोणांची एकावर एक रचलेली माळ होय. उभे खांब वजन घेतात, आडव्या पट्ट्या खांबांना वाकू देत नाहीत, तिरप्या पट्ट्या चौकट कलंडू देत नाहीत, आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूस पाय फाकून उभे केलेले तिरके धिरे तो आडवा रेटा जमिनीत नेऊन सोडतात. या जाळीत शोभेसाठी लावलेले लाकूड नसते.

आता पडद्यावरच्या सृष्टीकडे वळू. तेथे लाकडाला वजन नाही आणि खांबाला ओझे नाही. रुळाखाली एकही खांब नसला तरी रूळ अंतराळात तरंगत राहतो आणि गाडी सुखेनैव धावते. १९९९ साली निघालेल्या ‘रोलरकोस्टर टायकून’ या खेळात रूळ मांडताच त्याखाली आधार आपोआप उमटत. २००१ साली प्रथम निघालेल्या ‘नोलिमिट्स’ या प्रणालीत मात्र प्रत्येक बिंदू आणि प्रत्येक तुळई आपल्या हाताने बसविण्याची मुभा आहे. ही प्रणाली गाडीचा वेग मोजते, प्रवाशाच्या अंगावर येणारा दाबही सांगते. परंतु हा खांब हे ओझे पेलील काय, असे ती विचारीत नाही. तो प्रश्न करणाराने स्वतःलाच विचारावयाचा असतो. आमचा विद्यार्थी याच प्रणालीत काम करीत होता, आणि त्याने तो प्रश्न त्या वेळी विचारलेला नव्हता.

विचारला तो त्याच्या आजोबांनी. प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी ते आले. जन्मभर घरांची छपरे उभारलेले सुतार. संगणकाशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. नातवाचे काम ते बराच वेळ न बोलता पाहत राहिले. मग पडद्यावर बोट टेकवून आपल्या कोकणीत म्हणाले, “पुता, हो खांबो खंय तेंकला?” हा खांब टेकला कोठे? मुलाने दृश्य फिरवून दाखविले. तो उंच खांब सरळ खाली येत होता तो खालच्या रुळाच्या मधोमध, आणि गाडी प्रत्येक फेरीस त्या खांबातून आरपार जात होती! आम्ही परीक्षकांनी ते पाहिले नव्हते. पाहणाऱ्या शेकडो लोकांपैकी कोणीच पाहिले नव्हते. आजोबांनी दुसरा प्रश्न केला, “आणि एवढ्या लांबीचे अखंड लाकूड तू कोणत्या झाडाचे आणलेस?” मुलगा निरुत्तर झाला. त्याने शंभर फुटांचा खांब एका रेघेत ओढला होता.

त्या दिवशी तो मुलगा खट्टू होऊन घरी गेला. आमच्या शेऱ्याने त्याला सांगितले होते की हे काम कामच नव्हे; आणि आजोबांच्या प्रश्नाने सांगितले होते की हे काम आहे, पण अजून खरे झालेले नाही. या दोहोंत मुलाचा मान कोणी अधिक राखला, हे सांगावयास नको. दिवाळीच्या सुटीत त्याने सर्व आधार काढून टाकला आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. सुटीनंतर त्याने तो आम्हांस दाखविला, तेव्हा आम्ही प्रथमच खुर्ची ओढून त्यासमोर बसलो.

त्याने काय केले होते ते सांगतो. प्रत्येक खांबाखाली काँक्रीटचा पाया घातला होता, कारण उघडे लाकूड ओल्या मातीत पुरले तर ते कुजते. उंच खांब अनेक तुकडे जोडून केले होते, आणि शेजारच्या तुकड्यांचे सांधे एकाच पातळीत येणार नाहीत अशी काळजी घेतली होती. आडव्या पट्ट्या रुळाच्या चढउताराबरोबर वरखाली न करता जमिनीशी समांतर, सर्वत्र एका पातळीत ठेविल्या होत्या. जेथे वरचा रूळ खालच्या रुळास ओलांडतो, तेथे मधला खांब काढून वर जाड तुळई घातली होती, आणि तिचे ओझे दोन्ही बाजूंच्या जोडखांबांवर सोपविले होते. घराच्या दारावर आपण तुळई घालतो तसेच. वळणावर बाहेरच्या अंगास धिरे आले होते. गाडीतील माणसाने हात पसरला तरी कोणत्याही लाकडास लागणार नाही, एवढी वाट मोकळी राखली होती. आणि या सर्वांत गाडीचा वेग तिळभरही वाढला नव्हता. वरवर पाहणाऱ्यास जुना आणि नवा रोलर कोस्टर यांत भेदही दिसला नसता.

येथेच काही वाचक विचारतील: भेद दिसत नाही, कोणी पडत नाही, कोणास इजा होत नाही, मग हा खटाटोप कशासाठी? हा आक्षेप आम्हीही मनात बाळगून होतो. परंतु जेथे खोट्या खांबाची शिक्षा ताबडतोब मिळते, तेथे खरा खांब घालणे हा पुष्कळदा भीतीचाच भाग असतो. जेथे शिक्षा मुळीच नाही, तेथे जो खरा खांब घालतो, त्याला त्या कामाची चाड आहे असे म्हणावे लागते. आणि जो आज पडद्यावर रेघ ओढतो, तोच उद्या पुलाचा, छपराचा, पाण्याच्या टाकीचा आराखडा ओढणार आहे. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील किंग्ज आयलंड या उद्यानात २००० साली ‘सन ऑफ बीस्ट’ नावाचा २१८ फूट उंचीचा लाकडी रोलर कोस्टर उभारला गेला. २००६ सालच्या जुलै महिन्यात त्याच्या लाकडी बांधणीतील एक भाग तडकला, रुळास खळगा पडल्यासारखे झाले, गाडीस जबर हिसका बसला आणि २७ प्रवासी जखमी झाले. २००९ नंतर तो पुन्हा चालला नाही, आणि २०१२ साली पाडण्यात आला. खऱ्या लाकडाचा हिशेब असा चुकता होतो. तो हिशेब मांडण्याची सवय विनामूल्य आणि विनाइजा लागावी, याहून पडद्याचा अधिक चांगला उपयोग तो कोणता?

दुसरा आक्षेप असा की, यंत्र आपोआप आधार उभारून देत असता माणसाने कष्ट का घ्यावेत? यंत्राची मदत घेऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. पण यंत्राने दिलेला आधार हा कच्चा खर्डा समजावा; प्रत्येक खांबाचे उत्तर आपणांस देता आले पाहिजे. गणिताचे उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेले असते, म्हणून आपण रीत लिहिण्याचे सोडीत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो आम्ही अर्धा मान्य करतो. मुलांनी पडद्यावर लाकूड रंगविण्यापेक्षा खरे लाकूड हाती धरावे, असे अनेक पालक म्हणतील. खरेच आहे. लाकूड उभे चिरते, ओलीने फुगते, खिळ्याला गंज चढतो, हे पडदा शिकवीत नाही. पावसाळ्यात घराचे दार का अडकते हे ज्याने अनुभवले, त्यालाच ते कळते. तथापि ही दोन कामे परस्परांची वैरी नव्हेत. या मुलाने दुसऱ्या खेपेस जे केले, ते सुताराच्या प्रश्नावाचून झाले नसते. आणि सुताराची ही विद्या एरव्ही नातवापर्यंत पोहोचली असती की नाही, याची आम्हांस शंका आहे. वास्तवता म्हणजे केवळ लाकडाचा रंग नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. ज्या ‘सायक्लोन’ला जग लाकडी म्हणते, त्याचा रूळ लाकडी आहे, पण खालची चौकट पोलादाची आहे. त्याची हुबेहूब प्रतिकृती करू पाहणाराने तेथे लाकडी खांब रंगविले, तर ते कितीही सुंदर दिसले तरी खोटेच ठरतील. जे जसे आहे ते तसे का आहे, हे जाणून घेणे म्हणजे वास्तवता.

यासाठी आमची सूचना अशी आहे. यंदाच्या प्रदर्शनात संगणकावरील रचनांना हस्तकलेच्या दालनात जागा द्यावी. अट एकच असावी: परीक्षक ज्या खांबावर बोट ठेवतील, तो कोठे टेकला आहे आणि कशाचे ओझे घेतो आहे, हे विद्यार्थ्याने सांगितले पाहिजे. सोबत त्याच रचनेतील एक चौकट खऱ्या काड्यांची करून ठेवावी. आणि परीक्षकांत एक तरी सुतार असावा. पालकांनाही आमची विनंती आहे की, मूल पडद्यासमोर बसलेले दिसले तर रागावण्यापूर्वी एकदा शेजारी बसून प्रश्न विचारावा. प्रश्न साधा असला तरी चालेल. त्या आजोबांचा प्रश्न चार शब्दांचाच होता.

राहिला आमचा शेरा. नोंदवहीतील ती ओळ आम्ही मुख्याध्यापकांच्या अनुज्ञेने खोडली असून तिच्या जागी ‘हस्तकला, पुन्हा केलेले काम अधिक चांगले’ असे लिहिले आहे. त्या विद्यार्थ्याची आम्ही येथे क्षमा मागतो. त्याचा खांब चुकीच्या जागी टेकला होता. पण आमचे मत तर कोठेच टेकलेले नव्हते.