शेवटची गोळी कधी घेतली?

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली औद्योगिक वसाहत ठरली. तिथे लेथवर आणि प्रेसवर आयुष्य घालवलेली पिढी आता म्हातारी झाली आहे. त्यांतल्या कितीतरी जणांच्या घरी हृदयाचे ठोके ताळ्यावर ठेवणाऱ्या गोळ्यांची प्लॅस्टिकची पिशवी असते. विमा दवाखान्याची चिठ्ठी एक, किसननगरच्या डॉक्टरांची दुसरी, मुंबईच्या इस्पितळाची तिसरी. मग शस्त्रक्रियेआधी विचारले, की उत्तर मिळते, "पांढरी, छोटी, सकाळची."

पट्टी पाहावी, तर औषधवाल्याच्या कात्रीने नेमके नावच कापून नेलेले!

इथे नाव आणि तारीख या दोन्ही गोष्टींना जिवाचे मोल आहे. अ‍ॅमिओडॅरोन हे औषध बंद केले तरी कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने शरीरात मुरून राहते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम ते वाढवते, म्हणजे रक्तस्रावाचा धोका आला. ठोक्यांचा बिघाड कुठून उगवतो हे शोधून ती जागा जाळायची असेल, तर औषधाने दबलेला बिघाड तपासणीत सापडतच नाही. डिजॉक्सिन मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते; मूत्रपिंड थकले की नेहमीचीच मात्रा अंगावर येते. उलट बीटा ब्लॉकर गटातली गोळी घाबरून एकाएकी सोडणे हेही धोक्याचेच. म्हणून "घेत होतो, आता बंद आहे" एवढ्याने भागत नाही. कोणते औषध, किती मात्रा, कधीपासून, शेवटची गोळी कोणत्या दिवशी, ती कोणी थांबवली आणि का, हे सारे कागदावर हवे.

डॉक्टरांपुढे रांग असते, हे खरे. पण बँकेत आम्ही पाच रुपयांच्या व्हाउचरलाही तारखेशिवाय आणि सहीशिवाय हात लावत नव्हतो, आणि रांग तिथेही असे. इस्पितळांनी दाखल करतानाच्या कागदावर या नोंदीसाठी वेगळा रकाना ठेवावा आणि तो कोरा असेल तर कागद पुढे सरकू देऊ नये. औषधवाल्यांनी कापलेल्या तुकड्याबरोबर नाव लिहून द्यावे. आणि घरातल्या शिकल्यासवरल्या मुलाने किंवा सुनेने आज रात्रीच ती पिशवी उघडून एका वहीत सगळे उतरवून काढावे. त्याला अर्धा तास पुरतो.