जुन्या लादीचा सहा टनांचा हिशेब

तुर्भ्याच्या पूर्वेकडे दगडखाणींनी कुरतडलेल्या टेकड्या उभ्या आहेत आणि नवी मुंबई महापालिकेची क्षेपणभूमीही याच तुर्भ्यात आहे. शहर जेथून दगड घेते आणि नकोसे झालेले जेथे नेऊन टाकते, त्या दोन्ही जागा एकाच उपनगरात असाव्यात, हा योगायोग नवी मुंबईच्या सध्याच्या वाटचालीविषयी बरेच काही सांगून जातो. सिडकोची स्थापना १९७० सालची. तिच्या सुरुवातीच्या वसाहतींना आता चार-साडेचार दशके होत आली. काही इमारती पुनर्विकासाच्या रांगेत आहेत, तर जेथे पुनर्विकास लांबला आहे तेथे रहिवासी आपापल्या घराचे नूतनीकरण करीत आहेत. अशा नूतनीकरणात कंत्राटदाराचे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते : ‘आधी लादी फोडून टाकू.’

या एका वाक्याचे वजन कोणी मोजत नाही. पाचशे चौरस फूट म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर जमीन धरली, आणि लादी व तिच्याखालचा चुन्या-सिमेंटचा थर मिळून साडेसहा सेंटिमीटर जाडी धरली, तर तीन घनमीटर राडारोडा निघतो. त्याचे वजन सुमारे सहा टन. हीच लादी यंत्राने घासून नवी करायची ठरवली, तर तिच्या पृष्ठभागाचा एक मिलिमीटर थर पुरेसा होतो. पुष्कळदा तेवढाही लागत नाही. त्यातून निघणारी भुकटी शंभर-सव्वाशे किलोंच्या आसपास भरते. सहा टन आणि सव्वाशे किलो यांतील हे अंतर एका घराचे आहे.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचरा नियमांनी दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टन राडारोडा काढणाऱ्यांवर अधिक जबाबदारी टाकली. २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नव्या नियमांचा रोखही मोठ्या प्रकल्पांवरच आहे. एका सदनिकेचे सहा टन या मर्यादांच्या खूप खाली राहतात. साहजिकच ते गोण्यांत भरून टेम्पोत चढतात आणि रात्री खाडीकिनारी, खारफुटीच्या कडेला किंवा एखाद्या मोकळ्या भूखंडावर रिते होतात. महापालिकेची डेब्रिजविरोधी भरारी पथके टेम्पो पकडतात, दंड करतात. पण मुळात ती लादी फोडण्याची गरज होती काय, हा प्रश्न त्या पथकाच्या अखत्यारीत येत नाही.

पुष्कळ ठिकाणी ती नसते. सत्तर-ऐंशीच्या दशकांतील घरांतून सर्रास दिसणारी मोझेक लादी म्हणजे सिमेंटमध्ये बसवलेल्या संगमरवराच्या बारीक खड्या. वरचा थर मळला, खरबरीत झाला, तरी त्याखाली तसाच दुसरा थर शिल्लक असतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या प्रमाणपद्धतीत तिला पॉलिश करण्याची रीत तपशिलाने दिलेली आहे : आधी ६० नंबरचा कारबोरंडम दगड, मग १२०, शेवटी ३२०, प्रत्येक घासणीनंतर धुणे, मधल्या टप्प्यांत बारीक छिद्रे सिमेंटने भरणे, आणि अखेरीस चौरस मीटरला ३३ ग्रॅम ऑक्झॅलिक अॅसिडची भुकटी पाण्यासह नमद्याने घासणे. आज कारबोरंडमच्या जागी हिऱ्याची भुकटी बसवलेल्या चकत्या आल्या आहेत. त्या पन्नास नंबरपासून तीन हजार नंबरपर्यंत मिळतात. एका चकतीच्या साध्या यंत्राऐवजी आता तीन-चार चकत्या एकाच वेळी स्वत:भोवती व एकमेकींभोवती फिरवणारी अवजड यंत्रेही आहेत. त्यांनी जमीन अधिक सपाट होते. मात्र त्यांतील मोठ्या यंत्रांना थ्री-फेज वीज लागते आणि ती जुन्या इमारतीच्या जिन्यावरून चढवणे हे वेगळेच काम होऊन बसते.

यंत्र आधुनिक असले, तरी काम बिघडते ते लादी ओळखण्यात. संगमरवर, कोटा, शहाबादी हे चुनखडीच्या कुळातले दगड. त्यांना अॅसिड सोसत नाही. बाजारात स्वस्तात मिळणारे हायड्रोक्लोरिक अॅसिड ओतले की मळ निघतो हे खरे, पण त्याबरोबर दगडाचा पृष्ठभागही विरघळतो, मोझेकमधील सिमेंट खचते, सूक्ष्म छिद्रे उघडतात आणि महिन्या-दोन महिन्यांत लादी पूर्वीपेक्षा अधिक काळी दिसू लागते. मग पुन्हा अॅसिड! व्हिट्रिफाइड लादीला त्याची झळ कमी लागते, पण तिचे सांधे आणि शेजारचे पोलादी नळ खराब होतात. पोलादी लोकर व फ्लुओसिलिकेट वापरून चकाकी आणण्याची ‘क्रिस्टलायझेशन’ पद्धत चुनखडीच्या दगडांसाठीच आहे. ग्रॅनाइटवर तिचे पैसे घेणे ही फसवणूकच होय. तेलाच्या डागाला तर घासणे हा उपायच नव्हे. त्यासाठी शोषक मातीचा लेप लावून तो प्लास्टिकखाली दिवसभर ठेवावा लागतो.

नक्षीच्या लाद्यांची गोष्ट आणखी नाजूक. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या जीर्णोद्धाराला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा पुरस्कार मिळाला. तेथील जमिनीवर इंग्लंडमधून आलेल्या मिंटन लाद्या आहेत. अशा लादीतील रंगीत मातीची नक्षी काही मिलिमीटरच खोल असते. तेथे यंत्र फिरवले तर नक्षीच पुसली जाईल. मऊ ब्रश, सौम्य साबण आणि वेळ एवढाच मार्ग उरतो. परदेशी लाद्यांना देशी उत्तर म्हणून १९२२ मध्ये उरणला सिधवा कुटुंबाने सिमेंटच्या रंगीत लाद्यांचा कारखाना काढला होता. मुंबईतील कितीतरी जुन्या घरांतून अशा लाद्या आजही दिसतात. त्यांचा रंगथरही पातळच असतो. त्या भट्टीत भाजलेल्या नसून दाबाखाली घडवलेल्या असतात, त्यामुळे अॅसिड त्यांचा रंग घेऊन जाते.

या सगळ्या कामात ज्याच्या जिवावर बेतते तो लादी घासणारा कामगार चर्चेत क्वचितच येतो. पाणी सोडून घासले तर धूळ दबते. पण चिखल आवरण्याचा त्रास नको म्हणून कोपरे आणि सांधे हाताच्या ग्राइंडरने कोरडेच घासले जातात. ग्रॅनाइट, व्हिट्रिफाइड लादी आणि सिमेंटमधील वाळू यांत सिलिका असते. श्वासावाटे जाणारी तिची स्फटिकमय धूळ कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच नोंदवले आहे. सिलिकोसिसवर बरे करणारा उपचार नाही. ऑस्ट्रेलियाने याच आजारापायी १ जुलै २०२४ पासून सिलिकायुक्त कृत्रिम दगडावर बंदी घातली. मुंबई महापालिकेनेही ऑक्टोबर २०२३ मध्ये धुळीविषयी मार्गदर्शक सूचना काढून कापणे-घासणे ही कामे बंदिस्त जागेत, पाणी मारून करण्यास सांगितले. पण चौथ्या मजल्यावरील बंद खोलीत, तोंडाला रुमाल बांधून काम करणाऱ्यापर्यंत त्या सूचना कोण नेणार? ओल्या घासणीतून निघणारा चिखलही न्हाणीघराच्या मोरीतच जातो आणि वाळून सिमेंटसारखा घट्ट बसतो. तो बादलीत निवळू देऊन गोणीत भरणे सहज शक्य असते; त्यासाठी अर्धा दिवस अधिक द्यावा लागतो, इतकेच.

प्रत्येक जुनी लादी वाचवावी असे नाही. ठोकल्यावर पोकळ वाजणारी, खचलेली किंवा खालून ओल येणारी लादी काढावीच लागते. जमिनीखालची गंजलेली नळवाहिनी बदलायची असेल तर प्रश्नच मिटला. जुन्या लादीवरच नवी चिकटवण्याचा मधला मार्ग सध्या लोकप्रिय आहे, पण त्याने इमारतीवरचा भार वाढतो आणि घरातील एकूण एक दार खालून कापावे लागते.

घरमालकाची घाई एकवेळ समजण्यासारखी आहे. महापालिका, रेल्वे, सिडको यांचे तसे नाही. शाळा, कार्यालये, स्थानके अशा हजारो चौरस मीटर जमिनी त्यांच्या ताब्यात आहेत. त्या उखडून नव्या घालण्याचे देयक मोठे होते आणि मोजायला सोपे असते. दुरुस्तीचे काम लहान आणि देखरेख मागणारे. निविदेत दगडाचा प्रकार, ओल्या घासणीची सक्ती आणि चिखलाची विल्हेवाट या तीन ओळी घालायला नव्या कायद्याची गरज नाही. काम सुरू होण्यापूर्वी कोपऱ्यातील एक चौरस फूट जागा नमुन्यादाखल घासून दाखवण्याची अटही त्यात बसू शकते. कोणता दगड आहे हे कळण्यासाठी तर प्रयोगशाळाही लागत नाही. पुसलेल्या लादीच्या नजरेआडच्या भागावर लिंबाच्या रसाचा थेंब टाकला आणि तो फसफसला, तर ती लादी चुनखडीची किंवा सिमेंटची आहे आणि अॅसिडची बाटली तिच्यासाठी नाही.