थिअर्जी: जादूटोणा की देवकर्म?

रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात नवप्लेटोवादी तत्त्वज्ञांनी मंत्र, दगड, वनस्पती, धूप आणि मूर्ती यांच्या द्वारे देवांशी एकरूप होण्याचा विधिमार्ग स्वीकारला. त्याला थिअर्जी, म्हणजे देवकर्म, म्हणत. ई. आर. डॉड्स यांनी 1951 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिला धार्मिक हेतूने केलेली जादू ठरवले आणि ग्रीक बुद्धिवाद ढासळल्याची खूण मानले. डॉड्स यांचा व्यासंग वादातीत. निकाल मात्र टिकत नाही.

थिअर्जीविरुद्धचा सर्वांत कडक पूर्वपक्ष त्याच पंथातल्या पॉर्फिरीने मांडला होता. अनेबो या इजिप्शियन पुरोहिताला लिहिलेल्या पत्रात तो विचारतो: देव निर्विकार असतील तर प्रार्थनेने ते द्रवतात कसे? माणसाच्या धमकीला भितात ते देव कसले? आणि अर्थ न कळणारी परकी नावे उच्चारून काय साधते? सीरियातील इयाम्ब्लिकसने याला अबॅमॉन या इजिप्शियन पुरोहिताच्या नावाने सविस्तर उत्तर दिले. त्याचे म्हणणे असे की विधीमुळे देव खाली ओढले जात नाहीत, साधक वर नेला जातो. जादूगार देवाला राबवू पाहतो. इथे कर्तेपण देवाकडेच राहते. मायावी आकृती घडवणाऱ्यांचा तर त्याने त्याच ग्रंथात समाचार घेतला आहे.

या उत्तरामागे एक तात्त्विक मतभेद आहे आणि डॉड्स यांच्या निकालात त्याला पुरेसे वजन मिळत नाही. जीवाचा एक अंश सदैव वरच्या बुद्धितत्त्वातच राहतो, असे या पंथाचा प्रवर्तक प्लोटिनस मानी. इयाम्ब्लिकसला ते अमान्य होते. त्याच्या मते जीव संपूर्णपणे देहात उतरतो. मग नुसत्या चिंतनाच्या बळावर तो वर कसा चढणार? देवांनीच जडसृष्टीत पेरलेल्या खुणांचा आधार घेणे त्याला भागच आहे. हे गृहीतक कोणी नाकारू शकेल, पण त्यातून काढलेला निष्कर्ष तर्काला सोडून नाही.

या खुणा कशा असतात, ते पाचव्या शतकात अथेन्समध्ये शिकवणाऱ्या प्रॉक्लसच्या एका छोट्या टिपणात दिसते. कमळ सूर्योदयापूर्वी मिटलेले असते, सूर्य चढतो तसे उमलत जाते आणि मावळतीला पुन्हा मिटते. माणूस ओठांनी स्तोत्र म्हणतो, कमळ पाकळ्यांनी, असे प्रॉक्लस म्हणतो. प्रत्येक वस्तू आपापल्या पायरीवरून प्रार्थनाच करत असते, ही त्याची धारणा. तिला भाबडी म्हणता येईल, चेटूक मात्र म्हणता येणार नाही.

चमत्कारांचा मोह सर्वांनाच आवरला, असे नव्हे. एफेससच्या मॅक्सिमसने हेकाटी देवीची मूर्ती हसवली आणि तिच्या हातातल्या मशाली पेटवल्या, अशी कथा चरित्रकार युनेपियस सांगतो. ती ऐकवणाऱ्या तत्त्वज्ञ युसेबियसने पुढे रोमन सम्राट झालेल्या तरुण ज्युलियनला असल्या प्रकारांपासून दूर राहायला बजावले होते. ज्युलियनने ऐकले आणि तडक मॅक्सिमसलाच गाठले! प्रॉक्लसने विधिपूर्वक भिंगरी फिरवून अवर्षणग्रस्त ॲटिकात पाऊस आणल्याचेही त्याचा शिष्य मरिनस लिहितो. पण शिष्यांच्या अशा कौतुककथांवरून सिद्धान्ताची किंमत करता येत नाही. शिवाय बुद्धिवाद ढासळल्याचा आरोप प्रॉक्लसला तर मुळीच लागू पडत नाही. युक्लिडच्या भूमितीच्या पहिल्या खंडावरचे प्रमाण मानले जाणारे प्राचीन भाष्य त्याचेच आहे.